आम्ही सोडून दिलेल्या बसगाड्या

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कामगाराला रजा मिळते ती लग्नाला, मयताला आणि दवाखान्याला. नुसतं हिंडायला आणि गाणी ऐकायला म्हणून कुणी रजा मागितल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे आमचा ढोलकीवाला दादा चाकणला त्याच्या सुपरवायझरसमोर उभा राहून म्हणाला, "सायब, जर्मनीत गाण्याची जत्रा हाय, ढोलकी वाजवायला जायचंय, रजा पायजे," तेव्हा सुपरवायझरनं म्हणे आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग आमंत्रणाचा कागद नीट वाचला, रजा मंजूर केली आणि दादाच्या शिफ्ट दुसऱ्या दोघांत वाटून दिल्या. या सुपरवायझरबद्दल मी एका पत्रकात बरंच कडक लिहिलेलं आहे. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण रजा त्यानं हसत दिली, हेही कुठंतरी छापून राहिलं पाहिजे.

आम्ही तिघं गेलो: मावशी, दादा आणि मी. मावशी माझी सख्खी नव्हे. पिंपरीत आमच्या घरासमोरच्या रांगेत राहते आणि अख्खी वस्ती तिला मावशी म्हणते. मूळची परभणीकडची. लग्न होऊन आली ती भोसरीत आधी प्रेस मशीनवर आणि नंतर पॅकिंगला लागली, सगळं आयुष्य कंत्राटावर. मावशी गाते. जयंतीला गाते, बारशाला गाते, कंपनीच्या गेटसमोर कामगारांची मीटिंग असली की तिथं गाते. गाणी स्वतः जुळवते आणि कधीच लिहून ठेवत नाही; लिहिलं की चाल बसून जाते, असं तिचं म्हणणं. दादा चऱ्होलीचा, जुन्या गावकऱ्यांतला. त्याच्या घरच्या शेतावर आता इमारती आहेत आणि त्यांच्यासमोरून तो रोज चाकणला कामाला जातो. भजनातल्या पखवाजावरून तो ढोलकीवर आला आणि ढोलकीवरून आमच्या गाण्याच्या गटात. माझ्याकडे कोरस, इंग्रजी आणि सामान.

कुणीतरी चाकणच्या एका गेट मीटिंगमध्ये मावशीचं गाणं मोबाइलवर उतरवलं होतं. ते फिरत फिरत जर्मनीतल्या एका लहान गावात पोचलं, जिथं दर उन्हाळ्यात नदीकाठी तीन दिवस गाण्यांचा महोत्सव भरतो. जगभरातली कामाची गाणी, राबणाऱ्यांची गाणी. त्यांनी विमानाचं तिकीट पाठवलं आणि गावातल्या एका घरात राहायची सोय केली. विमानतळापासून तिथपर्यंत जायचं कसं, ते आमचं आम्ही बघायचं होतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. डॉक्टर बाईंनी चित्र काढून समजावलं: गाठ काढावी लागेल, आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते, आम्ही जपू, पण आवाज आहे तसाच राहील असं वचन देता येणार नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आधी जत्रा का आधी ऑपरेशन?" महिनाभरानं फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशनची तारीख परतल्यानंतरची धरली. रिक्षात बसल्यावर मावशी मला म्हणाली, "माझा आवाज चाकणच्या पुढं गेला न्हाई कधी. जायचाच असंल तर जरा लांब हिंडून तरी येऊ दे त्याला."

त्या वाक्यानंतर त्या गावात, त्या स्टेजवर मावशीला उभं करणं ही माझी जबाबदारी झाली.

व्हिसाच्या ऑफिसात तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. इतकी वर्षं पत्रे आणि पुठ्ठे हाताळून बोटांच्या रेघा पुसट झाल्या होत्या. काउंटरवरची मुलगी काच पुसायची, पुन्हा बोटं ठेवायला लावायची. मी भांडायच्या तयारीत होते. पण त्या मुलीनं स्वतःच्या पर्समधून क्रीमची ट्यूब काढली आणि मावशीची बोटं एकेक करून चोळली, आईच्या पायांना तेल चोळावं तशी. ठसे उमटले. माझ्या तोंडातलं भांडण तसंच राहिलं.

प्रवासाचं मी ठरवलं होतं. त्या देशात एक स्वस्त तिकीट मिळतं: महिनाभर कुठल्याही संथ गाडीत बसा, कितीही वेळा उतरा-चढा, फक्त वेगवान गाड्यांना हात लावायचा नाही. आमच्यासाठी ते बरंच होतं. वेगवान गाडीतून मावशीला काय दिसलं असतं? संथ गाडी प्रत्येक गावाला थांबायची. मावशी खिडकीला नाक लावून बसायची आणि बाहेरचं आम्हाला मोठ्यांदा सांगायची, जणू आम्हाला दिसत नव्हतं.

"गाई बसल्यात. काही काम न्हाई त्यांना."

"ही बाई बघ, एकटीच सायकल घेऊन गाडीत चढायली. सायकलला बी तिकीट असंल का?"

डब्यात कुणी बोलत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं आवाज खाली आणून मला विचारलं, "पोरी, कुणी गेलंय का ह्यांच्यातलं?"

"न्हाई मावशे," दादा म्हणाला. "ह्यांची नाइट शिफ्ट सुटलीया."

मग तिनं फडकं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. समोरचे आजोबा वर्तमानपत्र खाली घेऊन बघायला लागले. मावशीनं भाकरीचा तुकडा चटणी लावून पुढं केला. ते आधी नको म्हणाले, मग घेतला, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी त्यांनी दुसरा घेतला. उतरताना त्यांनी टोपी काढून तिला मान लववली. "भला मानूस," मावशी म्हणाली, "पण तिखटाला कच्चा."

तिसऱ्या ठिकाणी गाडी बदलायची होती. एक लहानसं जंक्शन, चार फलाट, कुंड्यांत लाल फुलं. तिथून महोत्सवाचं गाव तास-दीड तासावर. आमचं गाणं संध्याकाळी सहाला होतं आणि आम्ही जंक्शनवर दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. हाताशी भरपूर वेळ होता. गाडी थांबली, दारं उघडली, काहीतरी घोषणा झाली आणि सगळा डबा निमूट उतरला. इंजिनाचा चालकही उतरला. त्यानं मागं वळून दार लावलं आणि फलाटावर उभ्या असलेल्या पिवळ्या जॅकेटवाल्या लोकांत जाऊन मिसळला.

त्यांच्यातली एक उंच बाई पत्रकं वाटत होती.

आता इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी पत्रकांवर वाढले. वडील युनियनचं काम करत आणि घरात कॉटखाली गठ्ठे असत. मी वाचायला शिकले तेच "कामगार बंधू-भगिनींनो" या शब्दांवर. शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली ती उरलेल्या गुलाबी आणि पिवळ्या पत्रकांची. आजही मी एका कामगार वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रं बघते आणि संध्याकाळी मजकूर लिहून देते. असं वाढलेलं माणूस जरा कर्कश निघतं, ते मला मान्य आहे. पण जगात कुठंही पत्रक वाटणाऱ्या बाईसमोरून हात खिशात घालून ते पुढं जात नाही.

मी पत्रक घेतलं, फोन धरून भाषांतर करून बघितलं आणि फलाटावरच हसायला लागले.

"मावशी, संप आहे. लाक्षणिक. आज रात्री आठपर्यंत या लाइनवर गाडी सुटणार नाही."

"कशापायी?"

"डब्यात तिकीट तपासनीस एकटा असतो, दोघं हवेत म्हणतायत. आणि दोन शिफ्टच्या मधली झोप कमी पडते म्हणून."

मावशीनं पदर खोचला. "मग बरोबर हाय की," ती म्हणाली आणि थेट त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

अर्ध्या तासात आम्ही त्यांच्या बाकावर होतो. त्यांच्याकडे थर्मासमध्ये चहा होता, फुलांच्या वासाचा, बिनदुधाचा. दादानं एक घोट घेतला आणि मला मराठीत म्हणाला, "कॉम्रेड, ह्ये पिऊन संप यशस्वी व्हायचा न्हाई." तो मला चिडवायचं असलं की कॉम्रेड म्हणतो. पण कप त्यानं रिकामा केला. उंच बाई तिकीट तपासनीस होती. तिला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. ढोलकीला तिनं हात लावून बघितला, आम्ही कुठून आलो ते विचारलं, मी चाकणबद्दल सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. तिचा एक भाऊ गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. "तिकडं काम गेलं म्हणून इकडं कमी झालं, असं तो म्हणतो," ती म्हणाली.

"आणि तिकडं ते काम आलं ते कंत्राटावर आलं," मी म्हणाले. "त्याला सांगा."

"सांगेन," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिनं खरंच सांगितलं असेल.

थोड्या वेळानं स्टेशनच्या बाहेर एक बस येऊन लागली. पांढरी, काळ्या काचांची. समोर महोत्सवाच्या गावाचं नाव. आमच्या गाडीतून उतरलेली माणसं बॅगा घेऊन तिच्यात चढायला लागली. ड्रायव्हरनं आमच्याकडे बघून हात केला.

आम्ही तिघांनीही एकदम मान हलवली. नको.

ही चूक आमच्या पट्ट्यातला माणूसच करू शकतो, म्हणून नीट सांगते. मी अकरा-बारा वर्षांची असताना वडिलांच्या कंपनीत संप झाला. गेटसमोर मांडव होता, मावशी तिथं गायची आणि माझ्यासारखी पोरं सतरंजीवर बसायची. रोज सकाळी पांढऱ्या बस यायच्या. काचांना पडदे. आत बाहेरून आणलेली कंत्राटी पोरं माना खाली घालून बसलेली. बस गेटातून आत गेली की मांडवातला आवाज एकदम बसायचा. मावशीचा नवराही त्याच मांडवात होता. संप मोडला आणि त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. त्यामुळे संपाच्या जागी पांढरी बस उभी राहिली, की ती कुणाची आणि कशाला, हे आम्हाला विचारावं लागत नाही. ते आमच्या अंगात भरलेलं आहे.

पहिली बस गेली. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

दुसरी बस आली तेव्हा माझं लक्ष मावशीच्या गळ्याकडे गेलं. उन्हात ती गाठ स्पष्ट दिसत होती. मी घड्याळ बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तत्त्वापुढं माझी जीभ अडखळली.

"मावशी," मी म्हणाले, "आपण जाऊ या. या लोकांना आपल्या तिघांनी काय फरक पडणार आहे?"

"आता तू म्हणायलीस व्हय हे?"

"तुझ्यासाठी म्हणतेय. परत असं गाणं होईल का, माहीत नाही."

"मला माहीत हाय ते. तू नको सांगूस." ती रागावली नव्हती. तिनं चपला काढून पाय बाकावर घेतले होते. "त्या बाईच्या हातचा चहा प्यायला की न्हाई आपण? आता तिच्या डोळ्यादेखत त्या गाडीत कसं चढायचं? तोंड कुणीकडं करून चढायचं?"

"पण तुझा आवाज—"

"आवाज माझा हाय. कुठं घालवायचा ते मी बघीन."

दादा आमच्याकडे पाठ करून ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला होता. त्या काही ढिल्या नव्हत्या. दुसरी बसही गेली.

तिसरी बस आली तेव्हा तोच उठला. "मावशे, मी सायबाच्या हातापाया पडून आलोय. गावात समद्यांना सांगून आलोय. एवढं इमानानं येऊन इथं ठेसनात बसायचं?"

"तू जा," मावशी म्हणाली. "ढोलकी ठेवून जा फक्त."

तो पुन्हा बसला. "मी नुसतं म्हनलं," तो म्हणाला.

उन्हं कलली नव्हती, त्या देशात ती रात्री नऊपर्यंत कलत नाहीत, पण वेळ निघून चालली होती. मी मनात हिशेब करून बघितला, आता बसनं निघालो तरी सहाला पोचणं अवघड आहे. मावशीला कळलं होतं. ती उठली, लुगडं झटकलं, खोकून गळा मोकळा केला आणि दादाला म्हणाली, "चल, लाव. इथं बी कामाचीच माणसं हायेत."

तिनं डब्याचं गाणं घेतलं. पॅकिंगला असताना जुळवलेलं. कुणी बीडची, कुणी खानदेशची, कुणी कोकणातली, सगळ्या बायका जेवणाच्या सुट्टीत गोल करून बसतात, त्याचं गाणं.

*डबा उघडला शेजारणीनं, वास माझ्या माहेरचा*

ती एक ओळ परत परत येते आणि मधे एकेका डब्यात काय आहे ते येतं: कुणाच्यात पिठलं, कुणाच्यात सुकट, कुणाच्यात नुसतीच चपाती आणि कुणी बघायच्या आत शेजारणीनं तिच्यावर ठेवलेली भाजी. मावशीचा आवाज फलाटाच्या पत्र्याखाली घुमला. मी तिचा आवाज लहानपणापासून ऐकत आले, पण त्या दिवशी एकेक अक्षर धरून ठेवल्यासारखं ऐकलं. पिवळ्या जॅकेटवाले बोलायचे थांबले. कुणीतरी शिट्टी वाजवायला लागला होता, दुसऱ्यानं त्याचा हात धरला. शेवटी शेवटी ती ओळ आली की तेही तोंडं हलवत होते, शब्द न कळता.

गाणं संपल्यावर उंच बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "पण तुम्ही महोत्सवात गाणार होता ना? तुमच्या बस तर एकामागून एक निघून गेल्या."

"आम्ही संप फोडणाऱ्या बसमध्ये बसत नाही," मी म्हणाले. जरा ताठ बसूनच म्हणाले.

मग तिनं वळून बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. कुणीच हसलं नाही. तो इंजिनाचा चालक, पांढऱ्या मिशांचा माणूस, हळूच कठड्यावर बसला.

"त्या बस आम्हीच मागवल्या आहेत," उंच बाई म्हणाली. "महोत्सवाला निघालेली माणसं अडकू नयेत म्हणून. बसचे चालक आमच्याच युनियनचे आहेत. आमचं भांडण कंपनीशी आहे, गाणं ऐकायला निघालेल्या माणसाशी कशाला?"

"पत्रकात कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"नाही लिहिलं. इथं सगळ्यांना माहीत असतं."

मी मराठीत सांगितलं. मग दादा म्हणाला, "म्हंजी कॉम्रेड, आपन तीन तास बहिष्कार घातला तो नेमका कुनावर?"

मावशी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, उंच बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तरी तिचं हसू थांबेना. मला मात्र रडू येत होतं. माझ्याकडे इंग्रजी होतं. जबाबदारी माझी होती. तोंड उघडून एक प्रश्न विचारला असता तर ती सहाला स्टेजवर असती. तसं मी तिला म्हणाले.

"असू दे," मावशी म्हणाली. "चढलो असतो आन् खरंच तसली निघाली असती, मग? मग काय गायलं असतं मी तिथं?"

पुढची बस पाच वाजता होती. उंच बाईनं आम्हाला हाताला धरून तिच्यात बसवलं, ड्रायव्हरला सगळी हकिकत सांगितली, आणि ड्रायव्हरनं ती माइकवरून अख्ख्या बसला सांगितली. लोक मागं वळून आमच्याकडे बघत होते. एका म्हातारीनं मावशीला गोळ्यांची पुडी दिली. मला तोंड लपवावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी मी आयुष्यात कधी एवढ्या आपल्या माणसांत बसले नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा सहा केव्हाच वाजून गेले होते आणि नदीकाठच्या स्टेजवर दुसरे कुणीतरी गात होते. कानाला यंत्र लावलेला एक तरुण धावत आला. त्याला वाटलं होतं आम्ही वाटेत हरवलो. त्याच्या कागदावर रविवारपर्यंत एकही जागा मोकळी नव्हती आणि रविवारी सकाळीच आमची परतीची गाडी होती. तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, या गटाचं सामान उतरवून पुढच्याचं चढवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात स्टेजच्या एका कोपऱ्यात, एका माइकवर जमेल का?

"मशीन चालू असताना गायलीये मी," मावशी म्हणाली. "ह्याला सांग, जमंल."

तर असं झालं ते गाणं. एका बाजूला माणसं ड्रम उचलून नेतायत, केबल ओढतायत, कुणी टेस्टिंग करतोय, आणि कोपऱ्यात आमची मावशी. समोर गवतावर लोक चटया टाकून खातपीत होते. पहिल्या कडव्याला कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या कडव्याला स्टेजवर केबल गुंडाळणारा एक माणूस थांबला. मग पुढची चटई गप्प झाली, मग तिच्या मागची. सामान हलवणाऱ्यांनी सामान खाली ठेवलं. त्या तरुणानं घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं, आणि मावशीनं त्या दहा मिनिटांतून तीन गाणी काढली.

शेवटच्या गाण्याला मला गर्दीच्या कडेला पिवळं दिसलं. उंच बाई, तो मिशीवाला चालक, आणखी दोघं-तिघं. संप आठला संपणार होता, पण बाकीच्यांना स्टेशनवर ठेवून ही मंडळी पुढच्या बसनं आली होती. उंच बाई डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होती, अगदी उलट्या ठेक्यात. दादा वाजवता वाजवता दात खाऊन मला म्हणाला, "तिला कुनीतरी थांबवा रं, माझा ताल घालवतीया ती." पण त्यानं तिच्या टाळीकडे बघून ठेका जरा हळू केला, तिला सापडावा म्हणून.

नंतर आम्ही गवतावर बसून राहिलो. उंच बाईनं सांगितलं, ती दर उन्हाळ्यात मुलींना घेऊन इथं येते, त्याच स्वस्त तिकिटावर, संथ गाडीनं, डबा बांधून. सगळं वर्ष ती गाडीतच असते, पण ही एकच गाडी ती प्रवासी म्हणून पकडते. मी गर्दीकडे बघत होते. नर्स होत्या, सुतार होते, शाळेतले शिपाई होते. कुणीही रजेसाठी कुणाला तोंडाचा वास दिलेला दिसत नव्हता. आठ तास काम आणि आठ तास झोप, हे मला पाळण्यात पाठ होतं. उरलेल्या आठ तासांवर मी एकही पत्रक लिहिलेलं नाही. ते तास आपल्याकडे येण्याजाण्यातच खर्च होतात, ओव्हरटाइममध्ये, बसच्या रांगेत, दळणाला, पाण्याला. माणसानं ते नदीकाठी गाणी ऐकण्यात घालवावेत, अशी मागणी करायला मला लाज वाटायची. आता वाटत नाही. हे मला त्या बाईनं शिकवलं, आणि तिला ते माहीतही नाही.

मावशी चपला काढून गवतात पाय पसरून बसली होती. तिनं मला विचारलं, "कसा वाटला आवाज?"

"चांगला."

"नीट सांग. ताण आल्यासारखा वाटला का वरच्या पट्टीत?"

"जरासा. शेवटच्या गाण्यात."

"हां," ती म्हणाली. "मलाबी वाटला." आणि तिनं म्हातारीनं दिलेली गोळी तोंडात टाकली.

परतल्यावर ऑपरेशन झालं. सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं तसंच जपून केलं. पुढं बरेच दिवस मावशी खुणांनी बोलायची आणि आम्ही, का कोण जाणे, तिच्याशी मोठ्यांदा बोलायचो. मग आवाज आला. लहान होऊन आला. वरची पट्टी गेली ती गेलीच. पूर्वी ती गेटसमोर गायला लागली की रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे लोक वळून बघायचे. आता ते व्हायचं नाही. पहिले काही दिवस ती कुणासमोर गायला तयार नव्हती. दादा संध्याकाळी चऱ्होलीहून ढोलकी घेऊन यायचा, तिच्या ओट्यावर बसून हळूहळू वाजवत राहायचा आणि काही न म्हणता निघून जायचा. एकदा तिनं आतून भांडी घासता घासता ओळ उचलली. तो वाजवत राहिला.

परवा चाकणला कंत्राटी बायकांना कामावरून कमी केलं, त्यांची गेट मीटिंग होती. स्पीकरला परवानगी मिळाली नव्हती. मी म्हणाले, मावशी, आज राहू दे. ती म्हणाली, बायका बसल्यात की. आणि उभी राहून नवीनच गाणं घेतलं, खालच्या पट्टीतलं, भरल्यासारख्या आवाजातलं. दोन ओळी झाल्या आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, ऐकू येईना."

ती थांबली.

"मग तिकडं काय करायलीस?" मावशी म्हणाली. "इकडं ये की."

मागच्या बायका उठल्या. पर्स, डबे, कडेवरची पोरं सावरत पुढं आल्या, त्यांना बघून त्यांच्या पुढच्याही सरकल्या. धूळ उडाली, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला, कुणी शिवी दिली, कुणी हसलं. सगळ्या इतक्या जवळ येऊन बसल्या की मावशीचा पदर पुढच्या बाईच्या गुडघ्याखाली अडकला. तिनं तो ओढून काढला नाही. दादानं थाप सोडून नुसती बोटं चालवायला सुरुवात केली.